काळूकाठचं दशक

5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूरच्या भाग्याची भाषणं झाली. याच रस्त्याच्या कामावर सरळांब्याजवळ 31 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर गर्डर कोसळून 20 जण गेले. रस्ता झाला, पण तालुक्यातल्या पाड्यांवरचे उन्हाळी टँकर काही थांबले नाहीत.

त्यात नवं काही नाही. याच तालुक्यातला तानसा तलाव 1892 पासून मुंबईला पाणी देतो आहे. पुढे भातसा धरण आलं, मुंबईचं जवळपास निम्मं पाणी तिथून जाऊ लागलं.

माझा राग आहे तो 2011 नंतरच्या दशकावर. शेजारच्या मुरबाड तालुक्यात काळू नदीवर धरणाचं काम सुरू झालं तेव्हा वनखात्याची मंजुरीच नव्हती. पैसा एमएमआरडीएचा, काम कोकण पाटबंधारे महामंडळाचं, आणि बुडणार होतं सुमारे 1000 हेक्टर जंगल. धरण पिण्याच्या पाण्यासाठी असं दाखवलं की 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीही लागत नाही. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले होते, ठाकूर-कातकऱ्यांचे वनहक्काचे दावे पडून होते. तरी पोकलेन आले, डोंगर पोखरले गेले. ज्या मोहाखाली चैत्रात बायका फुलं वेचायच्या, ते रान धरण बांधणाऱ्यांच्या हिशेबी नुसतं बुडीत क्षेत्र.

इंदवी तुळपुळे यांची श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली. मार्च 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं काम थांबवलं. एप्रिलमध्ये केंद्राच्या वन सल्लागार समितीनं प्रस्ताव नाकारला आणि पुढच्याच वर्षी त्याच समितीनं त्याची शिफारस केली. वर्षभरात जंगल कमी मोलाचं झालं होतं का? झालेला खर्च वाया जाऊ नये, हाच युक्तिवाद मग पुनःपुन्हा कानावर येत राहिला. आधी बेकायदा खोदायचं आणि खोदलेलंच मंजुरीचं कारण म्हणून पुढे करायचं, ही रीत त्या दशकानं आमच्या भागात रुजवली. धरण झालं नाही; पैसा मात्र गेला, उतारावरची माती गेली, गावांनी कित्येक वर्षं टांगणीला काढली.

महानगराची तहान दाखवून काळूची मागणी अजून होतेच आहे. ती करणाऱ्यांनी आधी मंजुरीविना केलेल्या त्या कामाचा हिशेब द्यावा, आणि ग्रामसभा नाही म्हणाली तर तो नकार मानावा.