वकील द्यू पोन्सो आणि अमेरिकेच्या मूळ भाषा

अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषा शब्ददरिद्री व व्याकरणहीन आहेत, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळ सुशिक्षितांत रूढ होता. त्याला सप्रमाण छेद देणाऱ्यांत फिलाडेल्फियातील वकील पीटर स्टीफन द्यू पोन्सो (१७६०–१८४४) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

द्यू पोन्सो यांचा जन्म फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या रे बेटावर झाला. १७७७ साली सेनानी फॉन श्टॉयबेन यांचे चिटणीस व दुभाषी म्हणून ते अमेरिकेस आले. युद्धोत्तर काळात कायद्याचा अभ्यास करून १७८५ साली त्यांनी वकिलीची सनद मिळविली. संघीय न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रावरील त्यांचा प्रबंध १८२४ साली प्रसिद्ध झाला.

अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या एका समितीचे चिटणीस या नात्याने १८१६ साली त्यांनी जॉन हेकवेल्डर या धर्मोपदेशकाशी पत्रव्यवहार केला. हेकवेल्डर लेनापे लोकांत दीर्घकाळ राहिलेले होते. द्यू पोन्सो यांनी त्यांना रूपामागून रूप विचारले, उत्तरातून नवा प्रश्न काढला. साक्षीदाराची तपासणी करावी तशीच ही पद्धती होती. डेव्हिड त्साइसबर्गर यांच्या हस्तलिखित लेनापे व्याकरणाचे जर्मनमधून इंग्रजी भाषांतरही त्यांनी केले.

या तपासणीतील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. कुत्र्यामांजराच्या पिलाशी खेळताना लेनापे स्त्री ‘कुलिगात्चिस’ म्हणे. अर्थ, ‘तुझा गोड चिमुकला पंजा’. द्यू पोन्सो यांच्या पृथक्करणानुसार येथे ‘क’ हा द्वितीय पुरुष दर्शवितो, ‘उलि’ हा सुंदर या अर्थाच्या शब्दाचा अंश, ‘गात्’ हा पाय या अर्थाच्या शब्दाचा अंश आणि ‘चिस’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय होय. आपल्या समासांत पदे बहुधा सबंध येतात. येथे त्यांचे अंश एकत्र येतात.

अशा रचनेला त्यांनी १८१९ सालच्या अहवालात ‘पॉलिसिंथेटिक’, म्हणजे बहुसंश्लेषी, हे नाव दिले. ग्रीनलंडपासून केप हॉर्नपर्यंतच्या भाषांत हीच रचना आढळते, असेही त्यांनी सुचविले. १८३५ साली फ्रान्समधील व्होल्ने पारितोषिक त्यांना लाभले.

त्यांचे सामान्यीकरण मात्र पुराव्यापलीकडे गेले होते. मेक्सिकोतील ओतोमी भाषा त्यात बसत नाही. शिवाय त्यांना छाटलेले शब्द वाटले ते घटक अल्गाँक्वियन भाषांत नियमबद्ध धातुरूपे आहेत, हे पुढील अभ्यासाने दाखविले. तथापि संज्ञा टिकली, आणि त्याहून महत्त्वाचा आग्रहही टिकला : भाषेचा दर्जा भाषिकांच्या राहणीवरून नव्हे, तिच्या रूपांवरून ठरवावा.

एक विसंगती ध्यानात ठेवली पाहिजे. फिलाडेल्फिया नगर लेनापे लोकांच्याच भूमीवर वसले होते. त्यांच्या व्याकरणाचे वैभव तेथे कागदावर सिद्ध होत असताना ते लोक पश्चिमेकडे लोटले जात होते. भाषेच्या बाजूने साक्ष नोंदली गेली. भाषिकांना भूमी परत मिळाली नाही.