वाटीच्या तोंडाचा सुंबा

मित्रांनो, घरी गेल्यावर कढईचा कान जिथे जोडलेला असतो तिथे बोट फिरवून पाहा. (कढई गार असताना बरं का!) अर्ध्या वाटाण्यासारखे गोल काहीतरी लागेल. ते रिव्हेटचे डोके. आपल्याकडे रिबीट म्हणतात. भोकातून बाहेर आलेले रिबिटाचे टोक ठोकून हे डोके तयार करतात. नुसत्या हातोडीने ठोकले तर डोके वाकडे होते आणि त्याच्या कडा बोटाला कापतात. म्हणून वर वाटीसारख्या खोलगट तोंडाचा सुंबा धरून घाव घालतात. मग डोके गोल होते आणि रिबीट घट्ट बसते.

रिबीट ढिले राहिले तर काय होते, ते आम्ही पाहिले. गेल्या शिमग्याला कुरडया तळताना आमच्या कढईचा कान निसटला. आई झटकन मागे सरली, म्हणून वाचली. लोहाराच्या घरची कढई आणि तिचीच ही गत! दिव्याखाली अंधार तो हाच. आबांचा जुना सुंबा पार झिजला होता. ते म्हणाले, "चल, नवा करू. तू पंखा फिरव आन् डोळं उघडं ठेव."

साहित्य : पिरंगुटच्या भंगारातून आणलेला जुन्या गाडीच्या गोल स्प्रिंगचा तुकडा, बेअरिंगची जुनी गोळी, सांडशी, हातोडा, कानस, पॉलिश पेपर, लोहचुंबक आणि डबाभर तेल. साधे लोखंड इथे चालत नाही. स्प्रिंग पोलादाची असते. त्यात शंभर भागांत साधारण अर्धा भाग कार्बन असतो, म्हणून ती कडक करता येते.

कृती : आबांनी तुकडा तापवून ऐरणीवर सरळ केला आणि वीतभर ठेवला. मग एक टोक नारिंगी होईपर्यंत तापवले. लोखंडी पाटाच्या लहान खळग्यात गोळी ठेवली, म्हणजे ती पळत नाही. तापलेले टोक तिच्यावर उभे धरून वरून तीन-चार घाव घातले. गोळी आत रुतली आणि वाटी उमटली. वाटी गोळीच्या निम्म्यापेक्षा कमी खोल ठेवायची. जास्त झाली तर गोळी आतच अडकते. पोलाद काळपट पडल्यावर घाव घालायचा नाही, तडा जातो.

मग सुंबा रात्रभर राखेत पुरला. सावकाश गार झाला की पोलाद मऊ पडते आणि त्यावर कानस चालते. सकाळी कानशीने काठ सारखा केला. काठीच्या गोल टोकाला पॉलिश पेपर गुंडाळून वाटी आतून चकचकीत केली. वाटीत ओरखडा राहिला तर तो प्रत्येक रिबिटावर उमटतो.

आता खरी परीक्षा. वाटीचे टोक इंचभर लाल केले. पोलाद सुमारे ७७० अंशाला पोचले की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. आबांनी त्याहून थोडे जास्त तापवले आणि सुंबा तेलात सरळ उभा बुडवला. इथेच चुकले! चार रिबिटे मारली आणि वाटी आतून दबली. असे का झाले? पालथा पेला पाण्यात बुडवून पाहा. आत हवा अडकते. तसाच वाटीत बुडबुडा अडकला होता. तेल आत पोचलेच नाही, म्हणून वाटी मऊ राहिली.

वाटी पुन्हा ठाकठीक केली आणि दुसऱ्या वेळी सुंबा तिरपा बुडवून तेलात हलवत ठेवला. आता त्यावरून कानस नुसती घसरत होती.

पण असे पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. घाव बसला तर कपची उडून डोळ्यात जाईल. म्हणून कडकपणा थोडा उतरवावा लागतो. सुंबा घासून पांढरा केला आणि मधल्या भागापासून हळूहळू तापवला. तापताना त्यावर गंजासारखाच एक अगदी पातळ थर धरतो. थर जाड होतो तसा रंग बदलतो. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि सुमारे ३०० अंशाला निळा. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यामुळे रंग मीच सांगत होतो. "आबा, पिवळा... तपकिरी... जांभळा!" मी ओरडलो आणि आबांनी सुंबा लगेच तेलात घातला. घावाचे वरचे टोक मात्र मुद्दाम मऊच ठेवतात. ते कडक असते तर हातोडीखाली फुटले असते.

कोलकात्याचा हावडा पूल १९४३ साली सुरू झाला. तो रिव्हेट मारूनच जोडलेला आहे. त्या रिव्हेटची डोकीसुद्धा अशाच वाटीच्या तोंडाच्या, पण मोठ्या अवजाराने बसवतात.

मित्रांनो, भट्टीचे काम मोठ्या माणसाशिवाय करू नका. तेल भडकू शकते, म्हणून झाकण हाताशी हवे. पालकांना एक विनंती. घरातल्या छिन्नीचे किंवा सुंब्याचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरले असेल, तर त्याची कड घासून घ्या. तिचीही कपची उडते.

आमच्या कढईचा कान आता हलत नाही. दिवाळीच्या करंज्या आईने त्याच कढईत तळल्या.

– एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी