फेअर : शब्द एक, अर्थ अनेक

तुमच्या दप्तरात एक रफ वही असते आणि एक फेअर वही असते. रफ वहीत आपण खाडाखोड करतो. फेअर वहीत तोच मजकूर सुवाच्य अक्षरांत उतरवून काढतो. इथे 'फेअर' म्हणजे स्वच्छ, नीटनेटके. पण हे इंग्रजी विशेषण नेहमी याच अर्थाने येत नाही.

'फेअर वेदर' म्हणजे निरभ्र, पाऊस नसलेली हवा. 'फेअर हेअर' म्हणजे सोनेरी केस. शिक्षकांनी तुमच्या कामावर 'फेअर' असा शेरा दिला, तर त्याचा अर्थ 'बरे आहे' असा घ्यावा. म्हणजे काम वाईट नाही, पण उत्तमही नाही. 'बुक फेअर'मधला 'फेअर' मात्र वेगळाच आहे. तो विशेषण नसून नाम आहे आणि त्याचा अर्थ मेळा किंवा जत्रा असा होतो. तो शब्द लॅटिन भाषेतल्या सुट्टीच्या दिवसाच्या शब्दावरून आला आहे.

जुन्या इंग्रजीत 'फेअर' या विशेषणाचा अर्थ सुंदर, डोळ्यांना आवडणारे असा होता. जे शोभते ते योग्य, आणि जे योग्य ते न्याय्य, अशा रीतीने त्याला आणखी अर्थ मिळत गेले. आज त्याचा न्याय्य हा अर्थ फार महत्त्वाचा आहे.

तुमच्या वस्तीतल्या रेशन दुकानाची पाटी आठवून पाहा. त्यावर 'रास्त भाव दुकान' असे लिहिलेले असते. त्यालाच इंग्रजीत 'फेअर प्राइस शॉप' म्हणतात. मराठीतला 'रास्त' हा शब्द फारसीतून आलेला आहे. तो तुम्हाला उर्दूतल्या 'राहे-रास्त'मुळे ओळखीचा आहेच. रास्त भाव म्हणजे गिऱ्हाइकाची लूट न करणारा, योग्य भाव.

खेळातही हा शब्द येतो. २०१८ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत जपान आणि सेनेगल यांचे गुण सारखे होते, त्यांनी केलेले गोलही सारखे होते. त्यांचा आपसातला सामना २-२ असा बरोबरीत सुटला होता. मग 'फेअर प्ले'च्या नियमाने निर्णय झाला. जपानला चार पिवळी कार्डे मिळाली होती, तर सेनेगलला सहा. त्यामुळे जपान पुढच्या फेरीत गेला. 'फेअर प्ले' म्हणजे नियम पाळून खेळणे.

आता एका अर्थाविषयी सावध राहा. 'फेअर' म्हणजे गोरा असाही अर्थ आहे. एकाच शब्दात सुंदर, गोरा आणि न्याय्य हे तिन्ही अर्थ आल्यामुळे, जो गोरा तोच चांगला, असा गैरसमज होऊ शकतो. आपल्या देशात १९७५ पासून 'फेअर अँड लव्हली' नावाचे क्रीम विकले जात होते. गोरेपणाला असे महत्त्व देण्यावर बरीच टीका झाली आणि २०२० मध्ये कंपनीने त्या नावातून 'फेअर' हा शब्द काढून टाकला. मराठीत गोरा आणि न्यायी हे दोन वेगळे शब्द आहेत. उर्दूतही 'गोरा' वेगळा आणि 'मुन्सिफ' वेगळा. 'इन्साफ' आणि 'मुन्सिफ' हे शब्द तर 'निस्फ', म्हणजे अर्धा, या शब्दाच्या कुळातले आहेत. दोघांना सारखा वाटा देणे, हा विचार त्यात आहे. त्वचेच्या रंगाचा तिथे काहीच संबंध नाही.

म्हणून 'फेअर' हा शब्द भेटला की आधी त्याच्या शेजारचा शब्द पाहा. वही, हवा, केस, भाव की खेळ? त्यावरून अर्थ ठरवा. मैदानावर एखादा सोबती 'हे फेअर नाही' म्हणाला, तर तो रंगाविषयी बोलत नसतो. आपली पाळी चुकवली गेली, अशी त्याची तक्रार असते. ती ऐकून घ्या आणि त्याला त्याची पाळी द्या.