आतड्याच्या कर्करोगाची पूर्वतपासणी : लोकजागृती, लोकधारणा आणि बार्शीचा अनुभव

प्रस्तावना :
कर्करोग बळावल्यावर उपचार करण्यापेक्षा तो आरंभीच ओळखणे हितावह, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तथापि, 'प्रकृती ठणठणीत असताना तपासणी कशासाठी ?' हा प्रश्न सुशिक्षितांच्याही मनात असतो. मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाबाबत तो अधिक बिकट होतो. कारण ही तपासणी शौचाशी निगडित आहे आणि त्या विषयावर चारचौघांत बोलणे अशिष्ट मानले जाते. २०२२ साली जगात या रोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले व ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले. या रोगाच्या पूर्वतपासणीविषयीच्या लोकधारणांचा विचार प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्ह्यातील अनुभवाच्या आधारे केला आहे.

तपासणीचे स्वरूप :
या कर्करोगाचा उगम बहुधा आतड्याच्या अस्तरावर वाढणाऱ्या लहान मांसल कोंबांत होतो. त्यांना पॉलिप म्हणतात. सर्वच पॉलिप घातक नसतात. जे घातक ठरतात त्यांनाही कर्करोगाचे रूप घेण्यास साधारणतः दहा वर्षे लागतात. हा दीर्घ अवधी हीच पूर्वतपासणीची संधी होय. शौचाच्या नमुन्यात डोळ्यांना न दिसणारे रक्त आढळल्यास कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीद्वारे आतड्याची तपासणी केली जाते व पॉलिप तेथेच काढता येतो. म्हणजे या तपासणीने रोगाचे निदान होते, तसाच त्याला प्रतिबंधही होतो. अमेरिकेतील मिनेसोटा येथील अभ्यासात (१९९३) दरवर्षी शौचतपासणीची सोय मिळालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी आढळले. इंग्लंडमध्ये २००६ पासून तपासणीचा संच टपालाने घरपोच पाठविला जातो.

लोकधारणेतील अडथळे :
माहिती, मनोभूमिका व कृती या तीन भिन्न पायऱ्या आहेत. माहिती असणारा प्रत्येक जण तपासणी करतोच असे नाही. त्यामागे प्रामुख्याने तीन कारणे संभवतात. पहिले, लज्जा. दुसरे, भीती, 'नको ते निघाले तर काय?' या धास्तीने अज्ञानच बरे वाटते. तिसरे व सर्वांत घातक कारण म्हणजे रोगाची चुकीची ओळख. शौचावाटे रक्त गेले की ती मूळव्याधच, असा समज दृढ आहे. मूळव्याध हे रक्तस्रावाचे सामान्य कारण आहे, हे खरे. परंतु तपासणीविना तसे गृहीत धरून घरगुती औषधांवर महिने काढले, तर निदानास विलंब होतो.

बार्शीचा अनुभव :
हे अडथळे दूर होऊ शकतात काय, याचे उत्तर जिल्ह्यातच सापडते. बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीसह शेजारच्या जिल्ह्यातील भूम व परांडा तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत आली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, लक्षणे समजावीत व संशयितांना तपासणीस प्रवृत्त करीत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, या जागृतीनंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांत आरंभीच्या अवस्थेत निदान होणाऱ्यांचे प्रमाण वाढले.

पुढे १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मृती केंद्र यांच्या सहभागाने सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. तपासणीसाठी निवडलेल्या १,००,८०० स्त्रियांपैकी ७९,४४९ म्हणजे ७८.८ टक्के स्त्रिया तपासणीस आल्या. हीदेखील लज्जेशी निगडित तपासणी होती, हे लक्षणीय आहे. मात्र येणाऱ्यांत तरुण व अधिक शिकलेल्या स्त्रियांचे प्रमाण जास्त होते. वयस्क व अल्पशिक्षित स्त्रिया तुलनेने मागे राहिल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एच.पी.व्ही. चाचणीच्या एकाच फेरीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

या अनुभवातून असे दिसते की, केवळ भित्तिपत्रकांनी मनोभूमिका बदलत नाही. घरापर्यंत येणारी परिचित व्यक्ती आणि दोष आढळल्यास उपचारांची हमी असेल, तर संकोच मागे पडतो.

भारतीय संदर्भ :
पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे आणि कोलोनोस्कोपीच्या सोयी प्रामुख्याने शहरांत आहेत. २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्यात तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीचा समावेश झाला. आतड्याच्या कर्करोगाचा झाला नाही. त्यामुळे सरसकट तपासणीचा आग्रह येथे आज व्यवहार्य नाही. शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, अकारण रक्तक्षय किंवा वजन घटणे ही लक्षणे असणाऱ्यांनी मात्र विनाविलंब तपासणी करून घ्यावी. आईवडील वा भावंडांपैकी कोणास हा रोग झाला असल्यास, लक्षणांची वाट न पाहता चाळिशीच्या सुमारास किंवा नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट.

निष्कर्ष :
जागृतीचे खरे मोजमाप कितीजणांना माहिती मिळाली यावर नसून कितीजण वेळेवर तपासणीस गेले यावर करावे लागेल. या कार्यात महाविद्यालये मोलाची भूमिका बजावू शकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतील गृहभेटींत या लक्षणांची विचारणा समाविष्ट करता येईल. वयस्क व अल्पशिक्षितांपर्यंत प्रथम पोहोचणे हे त्यांचे धोरण असावे. पन्नाशीकडे झुकलेल्या प्राध्यापकवर्गानेही मूळव्याध समजून दुर्लक्षिलेले लक्षण आधी स्वतःच वैद्यकांपुढे मांडावे. शिक्षकाने सोडलेला संकोच विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत पोहोचतो.