आधी कोणाकडे जायचं?

किल्लारीचा भूकंप असो की भोपाळची वायुगळती, जखमींची रीघ लागली की परिचारिकेपुढे पहिला प्रश्न हाच.

कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये तयार झालेली ‘स्टार्ट’ पद्धत एका जखमीला जेमतेम मिनिट देते. चालता येतंय? हिरवी पट्टी. श्वास मिनिटाला ३० च्या वर, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त, किंवा ‘माझा हात दाबा’ सांगूनही उमगत नाही, तर लाल, म्हणजे आधी याच्याकडे. उरलेले पिवळे. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नसेल तर काळी, आणि लगेच पुढे. शिकवायला सोपं, करायला महाकठीण. त्यात सर्वात मोठ्याने ओरडणारा बहुधा लाल नसतोच.

कधी आपत्ती थेट वॉर्डात शिरते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी घुसले, तेव्हा एका परिचारिकेने २० गर्भवतींना छोट्याशा पॅन्ट्रीत हलवलं, दारं लावली, दिवे घालवले. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिकक्षात नेलं.

भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ ला जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचली. आग आणखी भडकू नये म्हणून ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे बंद करायचा, हे रात्रपाळीच्या नर्सला अंधारातही ठाऊक हवं.