किल्ल्या सोपवल्यानंतर : वार्धक्य आणि मुक्या जिवांची सोबत

व्यापारी घरात वार्धक्याची तिथी ठरलेली असते. ज्या दिवशी तिजोरीच्या किल्ल्या मुलाच्या हाती जातात, तीच ती तिथी. गोंदियाच्या बाजारातील आमच्या धान्याच्या पेढीवर माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या बाबूजींनी, सुमारे पन्नास वर्षे काढली. धानाची मूठ तळहातावर घेऊन ते त्यातील ओल सांगत. एका दिवाळीला वहीपूजन आटोपल्यावर त्यांनी किल्ल्या सोपवल्या. त्यानंतर घरात त्यांना कशाचीही उणीव नव्हती. वेळेवर औषध, सूर्यास्तापूर्वी भोजन, नातवंडांचा नित्य नमस्कार, सारे यथास्थित होते. तरीही तीन-चार महिन्यांत त्यांचे बोलणे जवळजवळ थांबले. तपासण्या झाल्या, आजार काही निघाला नाही. एके सायंकाळी त्यांनी मला विचारले, "बेटा, आज माझ्यावाचून काय अडले?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर मिळाले ते गोदामामागच्या गल्लीत. एका वाहनाच्या धक्क्याने पाय अधू झालेली एक कुत्री तेथे पडून असे. सकाळी मंदिरातून परतताना बाबूजी तिच्यापुढे पोळीचा तुकडा ठेवू लागले. महिनाभरात ती त्यांच्या काठीचा आवाज ओळखू लागली. आम्ही मात्र नाखूश होतो. सासूबाईंना शुचितेची चिंता, पतीला चावण्याची, मला लोकांच्या बोलण्याची. पुढे बाबूजींना ताप आला तेव्हा मी त्यांना अंथरुणातून उठू देईना. ते म्हणाले, "ती वाट पाहत असेल." त्या चार शब्दांत त्यांच्या प्रश्नाचे उत्तर होते. या जगात अजून एक जीव असा होता की ज्याचे त्यांच्यावाचून अडत होते.

प्राण्यांच्या सहवासाने वृद्धांचे मन रमते, हे आपण सहज म्हणतो. संशोधकांनी या अनुभवाची मोजदाद करण्याचाही प्रयत्न केला आहे. १९८० मध्ये अमेरिकेत एरिका फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांची वर्षभराची माहिती प्रसिद्ध केली. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षात तिघे दगावले. प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी अकरा. २०१७ मध्ये स्वीडनमध्ये ४० ते ८० वर्षे वयाच्या ३४ लाखांहून अधिक लोकांच्या सुमारे बारा वर्षांच्या नोंदी तपासण्यात आल्या. एकट्या राहणाऱ्या लोकांत, कुत्रा पाळणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका न पाळणाऱ्यांहून सुमारे ३३ टक्क्यांनी कमी आढळला. जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की, कुत्रा आणि त्याचा पालक परस्परांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. माता आणि अर्भक यांच्या नात्यातही हेच संप्रेरक काम करते.

हे आकडे वाचून लगेच निष्कर्षावर जाऊ नये. ज्यांची प्रकृती मुळातच चांगली तेच प्राणी पाळत असतील, अशीही शक्यता असते. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ च्या निवेदनात कुत्र्याच्या सोबतीचा हृदयाला लाभ संभवतो असे म्हटले, पण केवळ आजार टाळण्यासाठी प्राणी आणू नये, असेही बजावले.

मला सर्वांत अधिक बोलका वाटतो तो १९७६ चा प्रयोग. एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात काही वृद्धांना आपल्या दिनचर्येचे निर्णय स्वतः घेण्यास सांगितले आणि सांभाळायला एकेक रोपटे दिले. इतरांनाही रोपटी दिली, पण पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे ठेवले. ज्यांच्यावर जबाबदारी होती, ते अधिक सावध, अधिक क्रियाशील आणि अधिक आनंदी दिसले. रोपटे दोघांकडेही होते. भेद होता तो जबाबदारीचा. वृद्धांची आपण सेवा करतो, ती केलीच पाहिजे. परंतु सेवेच्या भरात त्यांच्या हातची सारी कामे काढून घेतो, तेव्हा त्यांच्या जगण्याचे कारणही नकळत काढून घेतो.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. उपासकदशांगातील आनंद श्रावकाकडे चार व्रज होते, प्रत्येकी दहा हजार गायींचे. श्रावकाच्या अहिंसा-अणुव्रताचे पाच अतिचारही पाहावेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे, अन्नपाणी तोडणे. ज्याच्या दारी पशू आहे अशा गृहस्थालाच ही सूची लागू पडते. पुढे पश्चिम भारतातील महाजनांनी मालाच्या उलाढालीवर लाग बसवून पांजरापोळी चालवल्या. मुंबईची पांजरापोळ १८३४ ची आहे. आज आपल्या वह्यांत जीवदयेचे खाते आहे, पर्युषणात त्यात रक्कमही जमा होते. मात्र पैसा पोहोचतो आणि हात घरीच राहतात. ज्या आजोबांच्या नावाने पावती फाडली जाते, त्यांना त्या गोशाळेत वर्षातून एकदा तरी नेले जाते का?

आपल्या घरांना काही प्रश्न पडतात आणि ते रास्तही आहेत. पिंजऱ्यातील पोपट म्हणजे उघड बंध. भारतीय पोपट पिंजऱ्यात ठेवणे कायद्यानेही गुन्हा आहे. मांजराचे शरीर मांसाहारावरच घडलेले असल्याने शाकाहारी घराने त्याला पाळण्याचा आग्रह धरू नये. कुत्रा शाकाहारावर राहू शकतो, परंतु तो आहार पशुवैद्यकाच्या सल्ल्याने संतुलित असावा. प्रेमापोटी मनुका किंवा चॉकलेट देऊ नये. ती त्याला विषासमान आहेत. शिवाय वृद्धांच्या पायात घोटाळणारा प्राणी त्यांना पाडू शकतो. अमेरिकेत कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्यांची संख्या वर्षाला सुमारे ८६ हजार असल्याचे २००९ मध्ये तेथील सरकारी नोंदींतून दिसले. ज्यांना दमा किंवा फुप्फुसाचा विकार आहे, त्यांनी कबुतरांच्या विष्ठेपासून दूरच राहावे. कुत्र्याचा दात वा नख लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. घरगुती उपायांत एक तासही घालवू नये.

आमच्या घरी तोडगा निघाला तो असा. कुत्रीला पशुवैद्यकाकडून रेबीजची लस दिली. जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याची जागा टाळून गोदामामागे एक जागा ठरवली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचाही रोख हाच आहे. वेळ ठरली सूर्यास्तापूर्वीची, म्हणजे बाबूजींच्या भोजनाआधीची. तिला बांधले नाही, घरातही आणले नाही. सासूबाईंची शुचिता राहिली आणि बाबूजींची सोबतही.

ज्यांना चालवत नाही त्यांनी काय करावे? वैशाखात आपल्याकडे ऊन किती तापते, हे सांगायला नको. गच्चीवर सावलीत मातीचे पसरट भांडे ठेवावे, पाणी गाळून भरावे आणि रोज बदलावे, म्हणजे त्यात जीवोत्पत्ती होणार नाही. हे काम ऐंशीव्या वर्षीही करता येते. पहाटे कोण पाणी प्यायला आले, हे नातवाला सांगण्यासाठी आजोबांपाशी रोज नवी वार्ता असते. ज्यांना प्रवास झेपतो त्यांना हिवाळ्यात नवेगावबांधच्या तलावावर न्यावे. त्या अरण्यात नोकरीची वर्षे घालवलेले मारुती चितमपल्ली यांना वयाच्या ९२ व्या वर्षी पद्मश्री मिळाली. पक्ष्यांची संगत त्यांना जन्मभर पुरली. आपल्या जिल्ह्याचे भूषण असलेला सारस, उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वाधिक उंचीचा, धानाच्या बांधीत घरटे करतो आणि बहुधा जोडीने राहतो. त्याला पाहायला न पिंजरा लागतो, न मालकी. अपरिग्रहाच्या व्रताला शोभणारी याहून चांगली सोबत कोणती?

गेल्या वर्षी बाबूजींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. जाण्यापूर्वी त्यांनी जुन्या वहीचे एक पान काढले आणि नातवाच्या नावे लिहून ठेवले : पोळ्या दोन, दूध नाही, पाणी ताजे, काठी वाजवावी म्हणजे ती येते. खाली तारीख आणि सही. पन्नास वर्षे माल तोलणाऱ्या हाताने लिहिलेली ती नोंद आम्ही जपून ठेवली आहे. परत आल्यावर त्यांनी प्रथम नातवाकडून हिशेब घेतला, मग चष्मा मागितला. तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही.

आपल्या घरी किल्ल्या सोपवलेले कोणी असेल, तर त्यांना विश्रांती अवश्य द्यावी. पण एखादा जीव त्यांच्या भरवशावर राहू द्यावा. जीवदयेच्या खात्यात रकमेसोबत त्यांच्या हातांचीही नोंद व्हावी.