पूरक कोन आणि साठाचा हिशेब

ज्या दोन कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश होते, त्यांना पूरक कोन म्हणतात. हिंदी प्रदेशातील मराठी वाचकाने या नावाविषयी सावध असावे. रायपूरमधील तात्यापारा ही मराठी कुटुंबांची जुनी वस्ती. हिंदी माध्यमात शिकणाऱ्या तेथील मुलाच्या पुस्तकात ‘पूरक कोण’ म्हणजे ९० अंश बेरजेची जोडी असते. मराठीत ते ‘कोटिकोन’ होत. आपल्या पूरक कोनांना हिंदीत ‘संपूरक’ म्हणतात. तेव्हा नावापेक्षा बेरीज ध्यानात ठेवणे हिताचे.

माप पूर्ण अंशांत असेल तर ते १८० मधून वजा केले की काम संपते. खरी कसोटी लागते ती मापात मिनिटे असतात तेव्हा. अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट. आपल्या ज्योतिषग्रंथांत त्यालाच ‘कला’ म्हटले आहे. साठाची ही विभागणी प्राचीन बाबिलोनी गणितापासून चालत आली आहे.

तात्यापाऱ्याचेच उदाहरण घेऊ. त्याचा रेखांश सुमारे ८१° ३८′ पूर्व आहे. पृथ्वीगोलावर याच्या बरोबर विरुद्ध बाजूस कोणता पश्चिम रेखांश येईल? अशा दोन रेखांशांची बेरीज नेहमी १८० अंश होते. म्हणजेच ते पूरक असतात. १८० अंशांत वजा करण्यास सुटी मिनिटे नाहीत, म्हणून एक अंश सुटा करून १७९° ६०′ असे लिहावे.

१७९° ६०′ − ८१° ३८′ = ९८° २२′

ताळा पाहू. ३८ आणि २२ मिळून ६० मिनिटे, म्हणजे १ अंश. ८१, ९८ आणि १ मिळून १८०. उत्तर बरोबर आहे.

दशमान पद्धतीच्या सवयीने पुष्कळजण सुट्या केलेल्या अंशाची १०० मिनिटे धरतात. मग उत्तर ९८° ६२′, म्हणजे ९९° २′ येते. चूक ४० मिनिटांची. कागदावर ती क्षुल्लक वाटते. परंतु रायपूरइतक्या अक्षांशावर, मग तो उत्तर असो वा दक्षिण, रेखांशाचे एक मिनिट सुमारे १.७३ किलोमीटर भरते. म्हणजे पॅसिफिक महासागरातील आपला विरुद्धबिंदू सुमारे ६९ किलोमीटर पश्चिमेस सरकला!

मापात सेकंद, म्हणजे विकला, असल्यास हीच रीत एक पायरी पुढे न्यावी आणि १८० अंश १७९° ५९′ ६०″ असे लिहून वजाबाकी करावी.